धूर सातपुड्यापलीकडचा, पाणी सुरंगीच्या राबावर

सिल्वासाला जायचं ठरलं ते माझ्या भावजयीच्या दम्यामुळे.

माझा धाकटा भाऊ नीलेश सिल्वासाजवळ नरोलीत धाग्याच्या कारखान्यात मशीनवर आहे. आम्ही मूळचे धुळ्याकडचे. लग्नानंतर मी नाशिकला आले आणि तो कामासाठी तिकडे गेला. त्याची बायको सुनंदा त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. होळीनंतर तिचा दमा वाढला. पंपाशिवाय जिना चढवेना. नीलेश फोनवर चिडून म्हणाला, "ताई, डॉक्टर म्हणतात हवा बदला. हवा काय बल्ब आहे का, काढला आणि दुसरा लावला?"

मी म्हटलं, थांब, मी येते. तुमच्या खोलीपासून तासाभरावर एवढं जंगल आहे, ते कधी बघितलंत तरी का? दोन दिवस तिथे राहू. त्याच संध्याकाळी खानवेलच्या अलीकडचं एक रिसॉर्ट शोधलं. जाहिरातीत हिरव्यागार पायवाटेचा फोटो आणि खाली वाक्य : "फुफ्फुसांना सुट्टी द्या." पैसे भरले आणि गाडीची हवा तपासून घेतली.

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना माझी सवय माहीत आहे. घाट, धाबे, फोटो, थोडी थट्टा. या वेळी तसं जमणार नाही. परत येऊन बरेच दिवस झाले तरी राग गेलेला नाही, आणि तो झाकून लिहायची इच्छाही नाही. रस्ता, जेवण वगैरे माहिती ओघात येईलच.

नाशिकहून पेठ, कपराडा, नानापोंढा आणि मग सिल्वासा, असा रस्ता घेतला. पेठेपर्यंत आरामात जाता येतं. पुढे घाटाची वळणं आणि समोरून येणारे ट्रक, त्यामुळे सकाळी लवकर निघा. मधला पट्टा गुजरातचा आहे, तिथे दारूबंदी. सिल्वासाहून परतताना गाडी थांबवून तपासतात, तेव्हा कुणी हौसेने बाटली ठेवली असेल तर तिकडेच सोडून या. पेट्रोल नाशिकलाच भरा. घाटात पंप शोधत बसावं लागतं.

पेठेच्या पुढे चहाला थांबले. तिथून दरवेळी डोंगरांच्या रांगा दिसतात, एकामागे एक. या वेळी पहिलीच रांग पांढुरकी होती आणि तिच्यामागे काहीच नव्हतं. मला वाटलं, उन्हाची काहिली. शेजारच्या बाकावर एक ट्रकवाला घसा खाकरत बसला होता. टपरीवाल्याने विचारलं, "कुठून आलात शेठ?"

"एमपी से. उधर जंगल जल रहा है. चार जगह आग देखी रास्ते में. पूरा रास्ता ऐसाच था, सफेद."

"मग इथे कुठे आग आहे?"

"आग उधर है, भाई. धुआँ को कौन सा परमिट लगता है?"

टपरीवाला हसला. मीही हसले, चहा संपवला आणि निघाले.

नरोलीत पोहोचले तेव्हा शिफ्ट सुटत होती. रस्ताभर सायकली, डबे, निळे गणवेश. नीलेशची खोली दुसऱ्या मजल्यावर, खाली खानावळ. तिथली शेवभाजी अगदी आपल्याकडची, तर्री वर तरंगणारी. खानावळवाला शिरपूरचा निघाला. नरोलीत जेवायचं असेल तर मोठी हॉटेलं शोधू नका, अशाच खानावळीत बसा.

सुनंदा जायला तयार नव्हती. "ताई, माझे खाडे पडतील. आमचा सुपरवायझर तोंड वाकडं करतो."

नीलेश म्हणाला, "करू दे. तू दम लागून लाइनवर पडलीस तर काय तो तुले उचलणार आहे?"

"तो नाही उचलणार. पण माझ्या जागी दुसरी लगेच उचलून आणेल," सुनंदा म्हणाली. ती अशीच आहे. बोलताना धाप लागते, पण बोलायचं काही सोडत नाही. शेवटी एक पिशवी भरली, पंप वर ठेवला आणि म्हणाली, "चला. बघू तुमची ती सुट्टीवरची फुफ्फुसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिल्वासा ओलांडून सुरंगीच्या रस्त्याला लागलो आणि खरं सांगते, सकाळ सुंदर होती. साग अजून उघडेच होते, पण करंजाला पोपटी पालवी आली होती आणि कुसुमाची झाडं दुरून फुलल्यासारखी लाल दिसत होती. रस्त्याकडेला बायका मोहाची फुलं वेचत होत्या. सुनंदाने काच खाली केली. नरोलीत ती खिडकीला ओला टॉवेल लावून झोपते. इथे तिने डोकं बाहेर काढलं आणि नीलेशला म्हणाली, "बघा, वास नाही. कसलाच वास नाही!"

रिसॉर्ट स्वच्छ होतं. खोल्या बऱ्या, नाचणीची भाकरी आणि बांबूच्या कोंबाची भाजी फार चांगली. शनिवार-रविवार टाळा. गुजरातेतून प्यायला येणाऱ्यांची गर्दी होते. आम्ही मधल्या वारी गेलो, म्हणून निवांत होतं. दुपारी त्यांचा एक कार्यक्रम असतो. पाहुण्यांना जंगलातल्या पायवाटेने टेकडीवर नेतात, झाडांमध्ये उभं करतात आणि खोल श्वास घ्यायला सांगतात. ऊन चांगलंच तापलं होतं. मॅनेजर हौशी गृहस्थ. सुनंदाला म्हणाला, "बेन, तुमच्यासाठी तर हे औषध आहे. टेन्शन नहीं लेवानुं. जितका खोल घ्याल तितका फायदा."

तिने खोल श्वास घेतले. फायदा व्हावा म्हणून मनापासून घेतले.

टेकडीच्या मध्यावर तिने माझा दंड धरला. डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, चढ आहे, बसू दे थोडं. बसल्यावर तिला धाप जास्तच लागली. पंप घेतला. थोड्या वेळाने परत घेतला. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. मी आजूबाजूला बघितलं. कुठे जाळ नाही, धुराचा लोट नाही. झाडं, पालवी, पांढुरकं आकाश आणि जळक्या पाल्याचा अगदी पुसट वास. नीलेशने तिला पाठीवर घेतलं आणि उतरायला लागला. तोंडाने एकसारखं "काही नही व्हत, काही नही व्हत" चाललं होतं. ते तिच्यासाठी होतं की स्वतःसाठी, माहीत नाही.

खाली मॅनेजर गाडीपर्यंत धावत आला आणि म्हणाला, "सॉरी मॅडम. हे बाजूचे आदिवासी लोक राब जाळतात ना, त्याचाच त्रास. मी आजच कंप्लेंट करतो."

राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, काटक्या, गवत असे थर रचून ती जागा भाजून घेणं. तण मरतं, राख मिसळते, मग तिथे भात पेरतात. त्या घाईत मी त्याचं बोलणं नीट ऐकलंही नाही. नुसती मान हलवली असेल.

खानवेलच्या दवाखान्यात तिला वाफ लावली. तिथल्या नर्सबाई देवगडच्या. हात भराभर चालत होते आणि तोंडही. "ह्या आठवड्यात दुपारचे असेच येतायत हो. कारखान्याचं गेटसुद्धा कधी बघितलं नाही अशी माणसं. सुरंगीची म्हातारी माणसं, शाळेतली पोरं. आणि सगळी दुपारी. सकाळी एक नाही." मी विचारलं, वर कळवलंत का? त्या म्हणाल्या, "कळवलं. उत्तर आलं, हवा समाधानकारक आहे."

सुनंदाचा श्वास हळूहळू खाली आला. संध्याकाळी तिला हलवायला हरकत नाही म्हणाले, पण जंगलात परत नेऊ नका. मग आम्ही मृणालकडे गेलो. मृणाल माझी कॉलेजची मैत्रीण. रत्नागिरीची, आणि सिल्वासात शाळेवर विज्ञान शिकवते. तिने कुळथाची पिठी आणि भात केला, सुनंदाला दोन उशा लावून बसवलं आणि मला म्हणाली, "तू तिला दुपारी डोंगरावर नेलंस? या दिवसांत? अगं, मला एक फोन करायचास."

"जंगलात नेलं गं! गटारावर नाही नेलं."

ती उठली आणि कपाटातून काही कागदी पट्ट्या घेऊन आली. तिच्या वर्गातल्या मुलांनी केलेल्या. मक्याचं पीठ आणि आयोडीनचा एक क्षार पाण्यात शिजवून कागदाला फासायचं, वाळवायचं, पुन्हा ओलं करून सावलीत टांगायचं. हवेत ओझोन असला की पट्टी जांभळी होते. जितका जास्त, तितकी गडद. हा ओझोन म्हणजे वर आकाशात आपल्याला उन्हापासून वाचवणारा वायू, पण खाली नाकातोंडात गेला की फुफ्फुसाला आतून ओरबाडणारा. मुलांनी एकाच दुपारी काही पट्ट्या नरोलीत टांगल्या, काही सुरंगीच्या जंगलाकडेला.

तिने दोन्ही समोर ठेवल्या. एक जेमतेम फिकट जांभळट. दुसरी जांभळाच्या डागासारखी.

"गडद कुठली असेल?" तिने नीलेशला विचारलं.

"नरोलीची," नीलेश म्हणाला. "आमची."

"सुरंगीची. मुलंसुद्धा म्हणाली, बाई, आपण चिठ्ठ्या उलट्या लावल्या. परत टांगल्या. परत तेच."

मग तिने समजावलं, आणि ते मी माझ्या भाषेत सांगते. लांब कुठेतरी जंगल पेटतं. धूर उंच चढतो आणि वाऱ्याबरोबर शेकडो कोस जातो. त्या धुरात नुसती काजळी नसते, नायट्रोजनचे वायू असतात, आणि त्यातले काही वरच्या थंड हवेत एका रसायनात बांधले जाऊन टिकून राहतात. इकडे येऊन तापलेल्या हवेत खाली उतरले की ते बंधन सुटतं. आता जंगलात काय असतं? उन्हात झाडं पानांतून स्वतःचे वायू सोडतात. त्यात झाडांचा काही गुन्हा नाही, हजारो वर्षं सोडतायत, स्वच्छ हवेत ते कुणाला त्रास देत नाहीत. पण हे दोन एकत्र आले आणि वरून कडक ऊन पडलं की ओझोन तयार होतो. म्हणून दुपारी. म्हणून पालवीच्या दिवसांत. आणि कारखान्यांच्या गल्लीत चिमण्यांचा, ट्रकांचा ताजा धूर इतका असतो की तोच तिथला ओझोन खाऊन टाकतो. म्हणजे नरोलीची हवा चांगली असं नाही. तिथलं विष वेगळं, इथलं वेगळं.

"आणि फक्त लांबच्या धुराला दोष देऊ नकोस," मृणाल म्हणाली. "आपल्या चिमण्यांचा धूरही वाऱ्याने तिकडेच जातो. पण लांबचा धूर आला त्या आठवड्यात पट्ट्या एकदम गडद झाल्या. दमट हवेनेही रंग चढतो, म्हणून मी याला पुरावा म्हणत नाही. पण इशारा तर आहे? मी पट्ट्या घेऊन प्रदूषण खात्याच्या ऑफिसात गेले. म्हटलं, जंगलात एक खरं यंत्र लावा, मग कळेल. साहेब म्हणाले, मॅडम, जंगलात कारखाने आहेत का? मग यंत्र कशाला?"

सुनंदा उशीला टेकून ऐकत होती. धापेतच म्हणाली, "म्हणजे जिथे मोजतात तिथे तो नसतो, आणि जिथे असतो तिथे मोजत नाहीत."

मृणाल म्हणाली, "हो. एवढंच आहे ते."

सकाळी सामान आणायला रिसॉर्टवर गेलो. मी सुनंदाला राहा म्हणत होते, पण सकाळची हवा बरी असते असं मृणालनेच सांगितलं होतं, आणि सुनंदाला स्वतःची पिशवी स्वतः भरायची होती. मॅनेजर कागद घेऊन तयार होता. शेजारच्या शेतातल्या धुराने पाहुण्या महिलेला अ‍ॅटॅक आला, असं वर टाइप केलेलं. "बेन, इथे सही करा. खोलीचे पैसे मी घेत नाही. आणि काळजी करू नका, काल तुम्ही गेल्यावर लगेच अ‍ॅक्शन झाली. फॉरेस्टचे गार्ड येऊन पाणी मारून गेले. आज परत येणार आहेत, दंडाचं बघायला."

"कुणाच्या शेतावर पाणी मारलं?" सुनंदाने विचारलं.

"ते काय, वळणावरचं."

ती सही न करता गाडीत जाऊन बसली. म्हणाली, "ताई, वळणावर थांबवा."

वळणावर उतारावरचं एक वावर होतं. बांधापाशी लखमीबाई नावाची वारली बाई उभी होती. मध्यमवयीन, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिच्यासमोर वनखात्याचा तरुण गार्ड. मध्ये चौकोनी तुकड्यावर पाल्याचा ओला चिखल झाला होता. शेण वाहून बांधापर्यंत आलं होतं. मी त्या ढिगाकडे वाकून बघितलं. त्यात राख नव्हती. एकही पान काळं नव्हतं.

"हे पेटवलंच नव्हतं?" मी विचारलं.

लखमीबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "काडी नाय लावली अजून. त्येच सांगतेय ह्याला कालपासून. थर रचला, माती टाकायची होती वरून. हे आले, टँकरचा पाइप सोडला आन गेले."

गार्ड ओशाळला होता, पण मागे हटत नव्हता. "बाई, मी काय करू? वरून फोन आला. पर्यटक महिलेला अ‍ॅटॅक आला म्हणून तक्रार आहे. नाव लावून रिपोर्ट द्यायचाय."

सुनंदा बांधावर चढली. नाकाला पदर होता, तो तिने काढला.

"ती महिला मीच. आणि मी पर्यटक नाही, नरोलीला राहते. काल मला अ‍ॅटॅक आला तेव्हा ह्या बाईंचा राब असाच होता, न पेटवलेला. माझ्या नावाने यांचं नाव लिहायचं नाही."

"ताई, पण धूर तर होता ना?"

"होता. तो कुठून आला ते शोधायचं काम तुमच्या साहेबांचं. तिकडे जंगलं जळतायत तिथे पाइप घेऊन जा म्हणावं. इथे न पेटलेलं विझवून काय मिळालं?" तिला धाप लागली. ती थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा म्हणाली, "लावा साहेबांना फोन. मी बोलते."

गार्डने फोन लावला. बाजूला जाऊन बराच वेळ "हो सर, तीच बाई, सर" करत राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, आज काही लिहीत नाही. मोटरसायकल चालू केली आणि गेला. माफी वगैरे कुणी मागितली नाही.

मला वाटलं होतं, लखमीबाई काही तरी बरं बोलेल. ती बोलली ती अशी : "आता ह्यो पाला कदी वाळायचा? डोंगरातून डोक्यावर आणलाय, भारेच्या भारे. भात कशात टाकू? तुमी जाशीला, ते परत येतील." तिचं चुकत नव्हतं. नीलेशने बाह्या वर केल्या आणि ओला पाला उचलून कातळावर पसरायला लागला. मीही लागले. हात कोपरापर्यंत शेणाने भरले. सुनंदाला आम्ही लांब, आंब्याखाली बसवलं. थोड्या वेळाने लखमीबाईने तिला तांब्याभर पाणी नेऊन दिलं आणि दोघी काहीतरी बोलत राहिल्या. काय ते मी विचारलं नाही.

उन्हं चढायच्या आत निघालो. दुधनीच्या तलावातली बोट राहिली, तेव्हा त्याबद्दल मला विचारू नका. घरात कुणाला दमा असेल आणि या भागात जायचं असेल, तर सकाळी फिरा, आकाश पांढुरकं दिसलं की दुपारी आत बसा, आणि झाडं आहेत म्हणजे हवा चांगली हे गृहीत धरू नका. खानवेलचा दवाखाना कुठे आहे ते आधी बघून ठेवा. जाहिरातीत तो नसतो.

घरी येऊन आता महिना होत आला. सुनंदा पुन्हा कामावर जाते. औषध बदललंय, जिना चढते. मृणालचा निरोप आला की लखमीबाईने एका पहाटे राब भाजला. निम्म्याहून थोडा जास्त पाला वाचला होता, उरलेल्यासाठी पुन्हा डोंगर चढावा लागला. तक्रार मागे घेतली की नाही हे कुणी सांगत नाही. जंगलात यंत्र लावलेलं नाही.

मी रिसॉर्टच्या पानावर परीक्षण लिहिलं. जेवण चांगलं, खोल्या स्वच्छ, हवेचा दावा खोटा, आणि न पेटलेल्या राबावर पाणी मारायला यांनी माणसं बोलावली. परवा मॅनेजरचा फोन आला. आवाज तसाच गोड. "मॅडम, ते काढून टाका ना. पुढच्या वेळी दोन रात्री आमच्याकडून."

मी म्हटलं, "तुमच्या टेकडीवरची दुपारची हवा महिनाभर मोजून घ्या आणि आकडे मला पाठवा. चांगले आले तर मी स्वतः माफी लिहीन, तीही त्याच जागी."

तो खरंच न कळल्यासारखं म्हणाला, "पण मॅडम, हवा कोण मोजतं? लोक फोटो बघून येतात."

माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येणार नाही. फोन त्याने ठेवला. परीक्षण मी काढलेलं नाही.